घड्याळ कधी सुरू झालं?

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात बैहरच्या पुढे, सूपखारच्या दिशेने जंगल दाट होत जातं. इथे नक्षलवाद्यांच्या शोधात सर्चिंगवर निघालेल्या तुकडीच्या हाती कुणी जिवंत लागला, की बंदुकीचं काम संपतं आणि कागदाचं सुरू होतं. आधी गिरफ्तारी पंचनामा: कुणाला, कुठे, किती वाजता पकडलं, साक्षीदार कोण, पकडलेल्याची सही की अंगठा. मग थान्यात रोजनामचा सान्ह्यात, म्हणजे थान्याच्या दैनंदिनीत नोंद, घरच्यांना खबर, दवाखान्यात मुलाहिजा, म्हणजे वैद्यकीय तपासणी. यातली बरीच शिस्त डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये घालून दिली. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आली आहे.

या रकान्यांत खरा वजनदार एकच, वेळेचा. 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं. प्रवासाचा वेळ तेवढा वगळून. शहरात हिशेब सोपा. इथे माणूस दुपारी नाल्याकाठी सापडतो, रात्री कॅम्पवर येतो, थान्यात पोचतो सकाळी. मग घड्याळ कधी सुरू झालं? त्याला आपल्या मर्जीने निघून जाता येईनासं झालं तेव्हाच, असं मानणं सरळ. पण ‘चौकशीसाठी आणलंय’ या उत्तरात कितीतरी तास मुरतात, आणि मारहाणीची भीती सगळ्यात जास्त असते ती याच बिननोंदीच्या तासांत.

परदेशात शांतता राखायला गेलेल्या फौजाही पकडलेल्या माणसाच्या बाबतीत घसरल्या आहेत. मार्च 1993 मध्ये सोमालियात बेलेत हुएनच्या कॅनेडियन छावणीत शिदाने अरोन हा 16 वर्षांचा मुलगा पकडला गेला आणि त्याच रात्री सैनिकांच्या मारहाणीत मेला. त्या प्रकरणातून उठलेल्या वादळात 1995 मध्ये कॅनडाची एअरबोर्न रेजिमेंटच बरखास्त झाली.

अफगाणिस्तानात नाटोच्या नेतृत्वाखालील फौजेला संयुक्त राष्ट्रांची मंजुरी होती. तिथे नियम होता 96 तासांचा: सोडा, नाहीतर अफगाण यंत्रणेच्या हवाली करा. पण हवाली कुणाच्या? 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने अफगाण कोठड्यांतला छळ उघड केला आणि काही कोठड्यांकडे कैदी पाठवणं थांबवावं लागलं. वेळ पाळली, एवढ्याने जबाबदारी फिटत नाही.

बालाघाटातही अशी हातबदली ठरलेली आहे. मध्य प्रदेश पोलिसांच्या हॉक फोर्सने किंवा केंद्रीय राखीव पोलीस दलाने पकडलेला माणूस थान्याकडे द्यायचा. तो शेजारच्या महाराष्ट्रातल्या गोंदियाच्या गुन्ह्यातही हवा असेल तर तिकडच्या पोलिसांनी न्यायालयाच्या परवानगीने न्यायचा. सीमेच्या दोन्ही बाजूंना संविधान एकच, ही इथली मोठी सोय. तरी प्रत्येक हातबदलीला वेळ आणि अंगावरच्या जखमांची नोंद हवीच. नाहीतर जखम कुणाच्या ताब्यात असताना झाली, यावर दोन राज्यांचे पोलीस एकमेकांकडे बोट दाखवतील.

6 नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक काम वाढवलं. अटकेची कारणं लेखी द्यायची, तीही त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत. लगेच जमलं नाही तर आधी तोंडी सांगायची आणि कोठडीसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात द्यायचा. थान्याचा कारभार हिंदीत. जंगलातून आलेल्या कित्येकांना कळते फक्त गोंडी. म्हणजे कोर्ट उघडण्याआधी गोंडी लिहिणारा, आणि वाचता न येणाऱ्याला ती वाचून दाखवणारा, कुणीतरी बैहरच्या थान्यात हजर हवा.