‘मेलंकली’ : काळ्या पित्तापासून नैराश्यापर्यंत
‘मेलंकली’ हा खोल विषण्णतेसाठीचा इंग्रजी शब्द मूळचा ग्रीक. ‘मेलास’ म्हणजे काळे, ‘खोले’ म्हणजे पित्त. काळे पित्त वाढल्याने मन खिन्न होते, असे प्राचीन ग्रीक वैद्य मानीत. आधुनिक वैद्यकाने ही कल्पना त्यागली आणि ‘डिप्रेशन’ हा शब्द रूढ झाला. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ ‘खाली दाबणे’. मराठीत त्यास नैराश्य म्हणतात. बोलण्यात मात्र ‘मन लागत नाही’ एवढेच येते.

ऑगस्ट २०२५ च्या पुरात मुखेड तालुक्यातील हसनाळ गावाने माणसे गमावली. अशा आघातानंतर दुःख स्वाभाविकच. परंतु झोप, भूक व कामातील रस दोन आठवड्यांहून अधिक काळ हरपल्यास तो उपचारांनी बरा होणारा आजार असू शकतो. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते.