अंगणातला सशांचा पिंजरा : आडोसा कसा, अंथरूण कसं?

कराडच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी आमचं गाव. बचत गटातल्या आम्ही सातजणी परसात ससे पाळतो. मागच्या वेळी चाऱ्याबद्दल बोललो, तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं, पिंजरा बाहेर ठेवला तर पावसात, थंडीत काय करायचं? आज तेच सांगतो. पण आधी आमची चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडे ती व्हायची नाही.

पहिल्या पावसाळ्यात ससे भिजू नयेत म्हणून आम्ही पिंजऱ्याला चारी बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधला. आठ दिवसांत ससे शिंकायला लागले, नाकं वाहायला लागली. कागद उचलला की लघवीचा वास डोळ्यांना झोंबायचा. एक गाभण मादी गेली, दुसरीची सहा पिल्लं गेली. गटातून कर्ज काढून आणलेली जनावरं ती. ससे गेले तरी हप्ता काही थांबत नव्हता. जनावरांच्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि सांगितलं, ही पावसानं नाही, कोंडून मेली.

लघवी साठली की तिच्यातून अमोनिया वायू सुटतो. हवा खेळती नसेल तर तो नाकाला, फुप्फुसांना इजा करतो आणि मग आजार शिरतो. अंग कोरडं असलं आणि वारा थेट लागत नसला, तर मोठा ससा आपल्याकडची थंडी सहज काढतो. त्याला मारते ती ओल, कोंडलेली हवा आणि ऊन.

म्हणून पिंजऱ्याची पाठ पश्चिमेला करा. आपल्याकडे पावसाची झड तिकडूनच येते आणि दुपारनंतरचं ऊनही तिकडूनच. पाठीला फळ्या लावा, तोंड पूर्वेला ठेवून तिथे जाळी ठेवा. छप्पर मागे उतरतं हवं आणि चारी बाजूंनी दीड फूट तरी पुढे आलेलं हवं. नुसता पत्रा उन्हात तापतो. त्यावर उसाचं पाचट किंवा गवत टाकून दोरीनं बांधा. मात्र चूल आणि बंब त्यापासून लांब ठेवा.

समोर गोणपाटाचा पडदा लावा, गुंडाळून वर बांधता येईल असा. रात्री आणि झडीत खाली सोडा, पण वर वीतभर जागा मोकळी ठेवा. सकाळी न विसरता गुंडाळा. पडदा जाळीपासून चार बोटं लांब टांगा, नाहीतर ससे तो कुरतडतात. आतून प्लॅस्टिक, थर्माकोल कधीच लावू नका. सशाला उलटी होत नाही. गिळलेला तुकडा आतड्यात अडकला तर ससा दगावतो. ऊब द्यायची तर फळ्या बाहेरून ठोका.

आता बूड. पिंजरा जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच ठेवा. तळाला अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी लावा, म्हणजे लेंड्या आणि लघवी खाली पडतात. पण सारखं तारेवर बसून सशाच्या पायांना जखमा होतात. म्हणून एका कोपऱ्यात फळी टाका आणि तिच्यावर भाताचा कोरडा पेंढा किंवा वाळलेलं गवत चार बोटं जाड पसरा. बुरशी आलेला पेंढा नको. लाकडाचा बारीक भुसाही नको, त्याची धूळ नाकात जाते. ओला झालेला पेंढा रोज काढा आणि आठवड्यातून एकदा सगळाच बदला. काढलेला पेंढा आणि लेंड्या परसबागेच्या खतात जातात.

पिल्लांचं मात्र वेगळं. मादी साधारण एकतीस दिवसांनी विते. पिल्लं उघडी, डोळे मिटलेली असतात. त्यांना खरंच ऊब लागते. अठ्ठाविसाव्या दिवशी दीड फूट लांब, फूटभर रुंद लाकडी पेटी आत ठेवा, तळाला चार-पाच बारीक भोकं पाडा आणि मऊ गवत भरा. मादी स्वतःचे केस उपटून त्यात घरटं करते. ते केस काढून टाकू नका, तेच पिल्लांचं पांघरूण.

मुंग्या पिल्लांना जिवंत खातात. पिंजऱ्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, जुन्या जाळीच्या कपाटाखाली ठेवायचो तशा. डास होऊ नयेत म्हणून पाणी दर दोन दिवसांनी बदला. कुत्र्यांपुढे कोंबड्यांची पातळ जाळी टिकत नाही. बाजूंनाही वेल्ड जाळीच लावा, बोका आणि मुंगूसही अडतील. दाराला दोन कड्या लावा.

उन्हाळ्यात जास्त जपा. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, तो कानांतून उष्णता सोडतो. पारा पस्तिशीकडे गेला की ससा धापा टाकतो. तेव्हा पिंजरा झाडाच्या सावलीत हलवा, बाहेरचं गोणपाट ओलं ठेवा, पाण्याचं भांडं रिकामं होऊ देऊ नका. धाप लागलेल्या सशाचे कान ओल्या फडक्यानं पुसा आणि डॉक्टरांना कळवा.

शेवटी एक सोपी परीक्षा. रोज सकाळी पडदा गुंडाळायच्या आधी सशाच्या उंचीला वाका आणि श्वास घ्या. डोळ्यांना झोंबलं, तर सशालाही रात्रभर झोंबलं आहे. मग पेंढ्याखाली हात घाला. हात कोरडा निघाला तर निर्धास्तपणे कामाला लागा.