पाखरांचे संक्रांतदान

मकरसंक्रांत हा दानाचा सण. सुगडांतून ऊस, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या आणि तीळ यांचे वाण सुवासिनी एकमेकींना देतात. आदल्या दिवशी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि मिसळीची भाजी घरोघरी होते. थंडीच्या दिवसांत शरीराला स्निग्ध व उष्ण अन्न हवे, हा शहाणपणा पूर्वजांनी सणाच्या रूपाने आपल्या ताटात वाढून ठेवला आहे. परंतु थंडी काही माणसालाच वाजते असे नाही. आपल्या धर्मशास्त्राने गृहस्थाला जे पंचमहायज्ञ सांगितले, त्यांत भूतयज्ञ हा एक आहे. माणसाने जेवण्यापूर्वी पशुपक्ष्यांचा वाटा बाजूला काढावा, हे त्याचे मर्म. म्हणूनच यंदाच्या संक्रांतीला आम्ही वाचकांपुढे पाखरांच्या दानाचा विषय मांडीत आहोत.

दान कसे करावे, याचा विचार भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आला आहे. देश, काल आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता जे दिले जाते ते सात्त्विक दान. ही तीन मापे पाखरांच्या घासालाही तंतोतंत लागू पडतात.

बर्फाच्या देशातील अन्नछत्र

प्रथम देशाचा विचार करू. इंग्लंडमधील बागांत ‘ब्लू टिट’ नावाचे एक चिमुकले पाखरू असते. त्याचे वजन अवघे १०-१२ ग्रॅम. डिसेंबरात लंडनला दिवस जेमतेम आठ तासांचा. तेवढ्या वेळात जे मिळेल ते खाऊन त्याला सोळा तासांची गोठविणारी रात्र काढावयाची असते. रात्रभर देहाची ऊब टिकविण्यातच त्याची चरबी जळून जाते. जमीन गोठलेली, किडे दडलेले, फळे संपलेली. अशा वेळी एका दिवसाचा उपवासही जिवावर बेततो. १९६२-६३ च्या भीषण हिवाळ्यात त्या देशातील रेन पक्ष्यासारखी लहान पाखरे फार मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडली. १८९०-९१ च्या कडक हिवाळ्यात तेथील वृत्तपत्रांनी पाखरांना खाऊ घालण्याचे आवाहन वाचकांना केले होते आणि पुढे ती प्रथा घरोघर रुजली. चरबीत दाणे मिसळून वळलेले गोळे तेथे झाडांना टांगतात. आपला तिळाचा लाडू आणि तो चरबीचा गोळा यांच्यामागील विचार एकच आहे.

नॉर्वेत तर ही प्रथा थेट सणाशी बांधलेली आहे. नाताळाच्या सुमारास ओटच्या कणसांची पेंढी उंच काठीला बांधून अंगणात उभी करतात. तिला ‘यूलेनेक’ म्हणतात. आपल्या कोकणात नव्या भाताच्या लोंब्यांचे तोरण दाराला बांधतात आणि चिमण्या त्यावर हक्काने येऊन बसतात, त्याची आठवण व्हावी असेच हे दृश्य असते.

आणि या परक्या अन्नछत्रात आपल्या मातीचाही वाटा आहे! ज्या कारळ्यांची, अर्थात खुरासणीची, खमंग चटणी आपण भाकरीबरोबर चवीने खातो, तेच काळे, बारीक, तेलाने भरलेले बी युरोप-अमेरिकेतील गोल्डफिंच पाखरांचे आवडते खाद्य आहे. भारत आणि इथिओपिया येथून ते तिकडे जाते. त्याबरोबर परके तण रुजू नये म्हणून अमेरिकेत त्याला उष्णता दिली जाते आणि मगच ते पाखरांपुढे येते. डोंगरउतारावर आदिवासी शेतकऱ्याने पिकविलेला दाणा साता समुद्रापलीकडे, बर्फात कुडकुडणाऱ्या पाखराच्या चोचीत पडावा, याहून मोठे संक्रांतीचे वाण ते कोणते?

कावळ्यांची संक्रांत

आपल्या देशातही अशा परंपरा आहेत. उत्तराखंडातील कुमाऊँ प्रांतात मकरसंक्रांतीला ‘घुघुतिया’ म्हणतात. कणकेत गूळ घालून घुघुते तळतात. कोणाला डमरूचा आकार, कोणाला ढाल-तलवारीचा, कोणाला डाळिंबाच्या फुलाचा. त्यांत संत्रे ओवून केलेल्या माळा मुलांच्या गळ्यांत घालतात आणि पहाटे ती मुले कावळ्यांना हाका मारून तो खाऊ देतात. चंद घराण्यातील एका राजपुत्राचे प्राण कावळ्यांनी वाचविले, अशी कथा यामागे सांगतात. इतर दिवशी आपण ज्याला हाकलतो, त्यालाच त्या दिवशी आर्जवाने बोलावतात, हे या सणाचे सौंदर्य होय.

राजस्थानात फलोदीजवळच्या खीचन गावी मध्य आशिया व मंगोलियाकडून करकोचे हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने येतात. तेथील लोक त्यांना ‘कुरजा’ म्हणतात. या पाहुण्यांसाठी गावकऱ्यांनी चुग्गाघर नावाचे कुंपणबंद आवार राखले असून, जैन व्यापाऱ्यांच्या व इतरांच्या दानातून तेथे रोज ज्वारी पसरली जाते. २०२५ साली खीचनची नोंद रामसर करारान्वये जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली.

पुण्याची दुसरी बाजू

परंतु दानाचा हेतू शुद्ध असला म्हणजे परिणामही शुद्ध होतो, असे नाही. इंग्लंडमध्ये २००५ च्या सुमारास ग्रीनफिंच पाखरांत घशाचा एक रोग पसरला. पूर्वी तो प्रामुख्याने कबुतरे-पारव्यांत आढळत असे. आजारी पाखराच्या लाळेने दूषित झालेला दाणा किंवा पाणी दुसऱ्याने घेतले की रोग पसरतो, घसा सुजतो आणि अन्नाच्या राशीसमोर पाखरू उपाशी मरते. ही पाखरे इतकी घटली की २०२१ साली त्यांचा समावेश तेथील संकटग्रस्त पक्ष्यांच्या लाल यादीत करावा लागला. प्रेमाने मांडलेल्या पंगतीतच रोगाचा प्रसार व्हावा, हे दुःखद खरे. पण त्यातून धडा निघाला, की भांडी नित्य घासावीत, दाणे थोडेच घालावेत, आजारी पाखरू दिसताच पंगत काही काळ बंद ठेवावी.

आपल्याकडेही हा प्रश्न आला आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या कुरव पक्ष्यांना हौशी मंडळी शेव-गाठ्या टाकतात. तळलेले, खारट अन्न हे मासे खाणाऱ्या पक्ष्याचे अन्न नव्हे. येथे पात्र पाहिले गेले नाही. कबुतरखान्यांचा वाद २०२५ साली उच्च न्यायालयापर्यंत गेला. एकीकडे पिढ्यान्‌पिढ्यांची जीवदया आणि दुसरीकडे कबुतरांच्या विष्ठेने व पिसांच्या धुळीने फुप्फुसांचा विकार जडण्याची शेजाऱ्यांची भीती. दोन्हींचा आदर राखून आम्ही एवढेच म्हणू, की ज्या दानाने शेजाऱ्याचा श्वास कोंडतो, त्याची जागा आणि रीत बदलणे हा अधर्म नव्हे. भूतदयेत शेजारीही येतोच.

आपल्या अंगणात

आता कालाचा विचार. महाराष्ट्राचा हिवाळा हा सुगीचा काळ. शेतात ज्वारी भरते, हुरड्याची चाहूल लागते. येथील पाखरांची खरी परीक्षा चैत्र-वैशाखात, पाणवठे आटल्यावर होते. तेव्हा संक्रांतीला मूठभर बाजरी किंवा तांदळाची कणी जरूर घालावी. मीठ, तेल व साखर लागलेले शिळे अन्न मात्र टाळावे. खरे व्रत ते पुढे. मातीचे पसरट, उथळ भांडे सावलीत ठेवून रोज घासून ताज्या पाण्याने भरावे आणि शेताच्या बांधावर बोर-बाभूळ राहू द्यावी.

आणखी एक दान या दिवशी अगत्याचे आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉनच्या व काच लावलेल्या मांजावर देशभर बंदी घातली. तरीही दर संक्रांतीला त्या दोऱ्याने पाखरांचे पंख कापले जातात. पतंग साध्या सुती दोऱ्याने उडवावा, पहाटे व सायंकाळी पाखरांच्या येण्याजाण्याच्या वेळी तो खाली घ्यावा, झाडांत अडकलेला दोरा दुसऱ्या दिवशी काढून टाकावा. यासाठी खर्च काहीच नाही आणि देश, काल, पात्र या तिन्ही मापांना हे दान उतरते.

वाचकांना संक्रमणाच्या शुभेच्छा! तीळगूळ घेताना एक वाटा पाखरांचाही स्मरावा, ही विनंती.