परवाना कोणाचा?

नाशिकपासून समुद्र पुष्कळ दूर आहे. थळघाट उतरून कल्याण-भिवंडीच्या खाडीपर्यंत गेल्यावांचून खारें पाणी दृष्टीस पडत नाहीं. असें असतां पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याच्या भिंतीवर मात्र नद्यांच्या उतारांची आणि बंदरांची गोष्ट कोरलेली आहे. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें पारदा, दमणा, तापी, डाहणुका अशा नद्यांवर लोकांना फुकट उतरून नेण्यासाठीं नावा ठेवल्या आणि भडोच, सोपारा व नाशिकजवळचें गोवर्धन येथें धर्मशाळा बांधल्या, असें तो लेख सांगतो. घाटावरचें गांव आणि किनाऱ्यावरचीं बंदरें एका दमांत सांगावीं, इतका त्या दोहोंचा व्यवहार निकटचा होता.

त्याच सुमारास, इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, एका ग्रीक भाषा जाणणाऱ्या व्यापाऱ्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नामक वृत्तान्तांत कल्याणची हकीकत आली आहे. हें बंदर पूर्वीं व्यापारास मोकळें होतें. पुढें तेथील सत्ता बदलली आणि अडथळे सुरू झाले. चुकून तेथें शिरलेल्या ग्रीक जहाजावर पहारा बसवून तें भडोचला नेलें जाई. कारण उघड आहे. गलबत ज्या बंदराला लागेल त्या बंदराच्या धन्यास जकात मिळे. तेव्हां गलबत वळविणें म्हणजे प्रतिपक्षाचें उत्पन्न आपल्या तिजोरीकडे वळविणें.

पुढें दीड हजार वर्षांनीं युरोपीय लोक या किनाऱ्यावर आले तेव्हां भांडण याच जकातीचें होतें. परंतु त्यांत एक अगदीं नवी बाब शिरली. ज्याचें बंदर त्याची जकात, हें सर्वांस मान्य होतें. पोर्तुगीजांनीं सांगितलें कीं बंदराबाहेरचा समुद्रहि आमचाच. १५०२ पासून त्यांनीं ‘कार्ताझ’ नांवाचा परवाना सुरू केला. त्यांत जहाजाचें व नाखव्याचें नांव, जहाजाचा आकार, वरील हत्यारें यांची नोंद असे. अमुक माल न्यावयाचा नाहीं, आणि पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरावयाची, अशा अटी असत. कागदाची किंमत किरकोळ होती. खरा भार जकातीचा. कागद नसेल तर जहाज आणि माल दोन्ही जप्त.

बरें, कागद जवळ असला म्हणजे व्यापारी निर्धास्त, असेंहि नव्हे. १६१३ सालीं सुरतेजवळ ‘रहीमी’ हें प्रचंड जहाज पोर्तुगीजांनीं धरलें. तें खुद्द जहांगीर बादशहाच्या मातेच्या मालकीचें होतें, त्यावर शेंकडों उतारू होते, आणि परवाना पोर्तुगीजांनींच दिलेला होता. जहांगीरानें आपल्या मुलखांतील त्यांचा व्यापार बंद केला आणि दमणला वेढा घालविला. बादशहाच्या आईची ही कथा. ज्याच्या पाठीशीं लष्कर नाहीं अशा सामान्य सावकाराची अवस्था काय होत असेल, याचा तर्क ज्याचा त्यानें करावा.

आंग्ऱ्यांसंबंधीं लिहितांना पुष्कळ इंग्रज लेखकांनीं ‘चांचे’ हा शब्द फार सढळ हातानें वापरला आहे. म्हणून त्यांच्याच कंपनीचें एक प्रकरण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. सर जॉन चाइल्ड हा मुंबईचा गव्हर्नर असतां मोंगलांशीं बिनसलें आणि कंपनीच्या जहाजांनीं सुरतेच्या व्यापाऱ्यांचीं जहाजें भर समुद्रांत धरलीं. तेव्हां मोंगलांच्या बाजूनें जंजिऱ्याचा सिद्दी याकूत १६८९ च्या फेब्रुवारींत मुंबई बेटावर उतरला. शिवडी व माझगांव त्याच्या हातीं पडलीं आणि इंग्रज आपल्या किल्ल्यांत कोंडले गेले. अखेर कंपनीनें औरंगजेबाची क्षमा मागितली, दीड लाख रुपये दंड कबूल केला, आणि चाइल्डला हिंदुस्थानांतून घालवून देण्याची अट मान्य केली. ती अमलांत येण्यापूर्वींच, १६९० च्या फेब्रुवारींत, तो मरण पावला. कंपनीनें जहाज धरलें तर तें युद्ध आणि मराठ्यांनीं धरलें तर ती चांचेगिरी, असा हा एकूण हिशेब होता.

मराठ्यांच्या राज्यांत या विषयाचा विचार झालाच नव्हता असें मुळींच नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रां’त आरमारासंबंधीं स्वतंत्र प्रकरण आहे. कौल घेतलेल्या सावकाराच्या वाटेस जाऊं नये. परमुलखींचीं बिनकौली जहाजें दिलासा देऊन बंदरांत आणावीं. शत्रूच्या मुलखांतील जहाज मात्र हस्तगत करून मालासुद्धां सरकारांत कळवावें, असा त्याचा आशय आहे. कान्होजी आंग्रे यांचा ‘दस्तक’ याच विचारांतला. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे किल्ले ज्याच्या हातीं, त्या सरखेलाचा परवाना त्या किनाऱ्यावर चालावा, यांत विपरीत तें काय?

१७१२ च्या अखेरीस कान्होजींच्या गलबतांनीं मुंबईच्या गव्हर्नरचें जहाज धरलें. चाउन नांवाचा अधिकारी त्या लढाईंत ठार झाला आणि त्याची अगदीं तरुण पत्नी कुलाब्यास कैदेंत पडली. तीस हजार रुपये घेऊन तिला १७१३ च्या आरंभीं सोडण्यांत आलें. कान्होजींचा कैवार घेणाऱ्यांनीं ही गोष्ट झांकून ठेवण्याचें कारण नाहीं.

त्याच वर्षीं तह झाला. कंपनीच्या जहाजांस उपद्रव द्यावयाचा नाहीं, हें कान्होजींनीं मान्य केलें. इंग्रजांखेरीज इतरांच्या जहाजांस आपलें संरक्षण द्यावयाचें नाहीं, हें इंग्रजांनीं मान्य केलें. शब्द स्वच्छ दिसतात. पण सगळा तंटा त्यांतच दडलेला होता. जहाज मुंबईच्या वा सुरतेच्या देशी व्यापाऱ्याचें, माल त्याचा, खलाशी त्याचे, आणि डोलकाठीवर निशाण मात्र इंग्रजांचें. असें जहाज इंग्रजांचें कीं व्यापाऱ्याचें? मुंबईकर म्हणत, निशाण आमचें म्हणून जहाज आमचें. कान्होजींचा पक्ष असा कीं माल ज्याचा त्यानें दस्तक घ्यावा. निशाण उसनें मिळूं लागलें तर दस्तक विकत घेणार कोण? दोघांच्याहि म्हणण्यांत अर्थ होता, आणि दोघांच्यावर निवाडा देणारें न्यायासन मात्र समुद्रावर कोठेंहि नव्हतें. मधल्यामध्यें व्यापारी चेंगरला. एका धन्याचा परवाना घेतला तर दुसरा त्याला शत्रूचा माणूस समजे. गलबत धरलें गेलें म्हणजे नाखव्याबरोबर ज्यानें मालावर पैसा लावला तो सावकारहि बुडे, मग त्याची पेढी बंदरांत असो वा घाटावर.

तह फार दिवस टिकला नाहीं. मुंबईचा गव्हर्नर बून यानें आरमार वाढवून १७१७ सालीं विजयदुर्गावर व १७१८ सालीं खांदेरीवर स्वारी केली, दोन्ही फसल्या. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर चालून आले. कार्ताझवाले आणि पासवाले, इतरवेळीं एकमेकांचे स्पर्धी, दस्तक मोडण्यासाठीं एक झाले हें लक्षांत घेण्यासारखें आहे. बाजीराव पेशवे मदतीस धांवले, हल्ला फसला आणि पोर्तुगीजांनीं इंग्रजांस सोडून स्वतंत्र तह उरकला. १७२४ सालीं नवा गव्हर्नर फिप्स याच्याशीं झालेल्या पत्रव्यवहारांत कान्होजींनीं उत्तर दिलें तें मोठें मार्मिक आहे: बळजबरीचा दोष आम्हांस लावतां, पण व्यापारी म्हणविणारे तुम्हीहि त्यापासून मुक्त नाहीं, असा त्याचा रोख होता. १७२९ सालीं ते वारले.

त्यांच्या मुलांत फूट पडली तरी आरमाराचा दरारा कांहीं काळ टिकला. १७३५ सालीं संभाजी आंग्रे यांनीं विलायतेहून मुंबईस खजिना घेऊन येणारें ‘डर्बी’ जहाज पकडलें. पुढें तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचें वैर विकोपास गेलें. पेशव्यांनीं इंग्रजांशीं संगनमत केलें. १७५५ सालीं सुवर्णदुर्ग पडला, आणि १७५६ च्या फेब्रुवारींत ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्ग घेतला. खाडींत नांगरलेलें आंग्ऱ्यांचें आरमार आगींत जळून गेलें.

किल्ल्यांत सुमारें दहा लाखांची लूट सांपडली. ती इंग्रज सैन्यानें आपसांत वांटून घेतली. पेशव्यांस कांहीं मिळालें नाहीं. किल्लाहि ताबडतोब मिळेना. ऑक्टोबर १७५६ च्या तहांत तो पेशव्यांस परत द्यावयाचें ठरलें, आणि बाणकोट व त्याभोंवतींचीं गांवें इंग्रजांकडे राहिलीं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेंत होता. तो तेथून सुटला नाहीं.