जुनी गाडी पेट्रोल का खाते?

जुन्या गाडीस पेट्रोल जास्त लागू लागले की मालकाचा पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. आम्ही कामगारांत वावरणारे म्हणतो, आधी गाडीची जबानी घ्यावी. टाकी काठोकाठ भरून साताऱ्याहून सांगलीस जावे, परत यावे व त्याच पंपावर पुन्हा तेवढीच भरावी. एकाच फेरीचा हिशेब फसवा. सांगली साताऱ्याहून १५० मीटरांपेक्षा अधिक खाली आहे. मग टायरांतील हवा व एअर फिल्टर पाहावा. एखादेच चाक फार तापत असेल, तर ब्रेक चिकटत असावा. प्लगवर कोरडी काजळी म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. तेव्हा कार्बुरेटर, इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर, तपासावा. तोवर माणसाकडे बोट दाखवू नये. आळ आला की भाकरी त्याची जाते.