साधी राहणी आणि कृतज्ञता

'कृतज्ञ' हा शब्द आपण सभासमारंभांत इतक्या सहजपणे उच्चारतो की, त्याचा मूळ अर्थ ध्यानी राहत नाही. कृत म्हणजे केलेले आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे ज्यास ठाऊक आहे तो कृतज्ञ. तेव्हा कृतज्ञतेस आधी जाणीव लागते, आनंद मागाहून येतो. ही गोष्ट मनात धरून, दूरदेशाहून महाराष्ट्रात आलेल्या मिशनरी लोकांच्या राहणीकडे आपण पाहू. साध्या राहणीने माणूस कृतज्ञ का होतो, याचा उलगडा तेथे बराचसा होतो.

पूर्वीचे पुष्कळ मिशनरी बंगल्यात राहत. त्यांची निष्ठा कमी होती असे मी म्हणत नाही. हिवताप आणि पटकी यांच्या त्या दिवसांत उंच जोत्याचे, हवेशीर घर ही केवळ चैन नव्हती. तथापि बंगल्याचा एक दोष असतो. न्हाणीघरात पाणी भरलेले असते, मेजावर ताट मांडलेले असते आणि ते पाणी कोणत्या विहिरीवरून कोणाच्या डोक्यावरून आले, हे आत बसलेल्या माणसास कळत नाही. तो कितीही सज्जन असला तरी उपकार करणाऱ्यांची निम्मी नावे त्याच्या दृष्टीआडच राहतात.

प्रवासात मात्र हा पडदा दूर होई. १८१३ साली मुंबईस आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल हे एक. कंपनी सरकारने परत जाण्याचा हुकूम दिला असताही ते येथेच राहिले. १८२६ साली ते नाशिकास गेले, तेव्हा तेथे पटकीने कहर मांडला होता. जवळची बहुतेक औषधे त्यांनी रोग्यांना वाटून टाकली आणि परतीच्या वाटेवर स्वतःच त्या रोगाने पडले. २० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्या समयी त्यांच्यापाशी होते ते सोबतचे दोन ख्रिस्ती मुलगे, आणि मूठमाती देण्याचे कामही त्यांच्याकडेच आले. मरताना हॉलसाहेबांच्या मुखी तीन वेळा देवाचे गौरव होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. जो देण्यास आला होता, तो अखेरीस दोन पोरांच्या हातून घेत होता.

हेच घेणे पुढे काहींनी समजून उमजून पत्करले. जॅक विन्स्लो हे इंग्रज धर्मोपदेशक १९१४ पासून अहमदनगरकडे काम करीत होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी त्यांना इतका आदर होता की, १९२३ साली त्यांनी टिळकांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास जाऊन 'देवाचा दरबार' उभारण्याचा उद्योग आरंभिला. विन्स्लोसाहेबांनी १९२२ मध्ये अहमदनगर येथे 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापिला. पुढे पुण्यास त्याचा आश्रम झाला. तेथे इंग्रज व हिंदी बंधू एकत्र राहत, खादी वापरीत आणि जमिनीवर पंगतीस बसून शाकाहारी अन्न हाताने जेवीत. आज आपल्याला यात नवल वाटणार नाही. परंतु गोऱ्या माणसाने मेजखुर्ची सोडून हिंदी माणसाच्या मांडीस मांडी लावून बसावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मांडी कशी घालावी, भात कसा कालवावा, हे त्याला शेजाऱ्यापासून शिकावे लागे. शिकविण्यास आलेला विद्यार्थी होई.

याच संघात १९२७ साली वेरियर एल्विन हे ऑक्सफर्डचे पदवीधर आले. तेथे शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती तरुणाशी त्यांचा स्नेह जडला. १९३२ च्या आरंभी दोघे मंडला जिल्ह्यातील करंजिया या गोंडांच्या गावी गेले. अमरकंटकाजवळचे हे गाव रानात होते. मातीच्या झोपडीत बिऱ्हाड, रात्री श्वापदांची भीती, वारंवार येणारा हिवताप, असा त्यांचा संसार. त्यांनी शाळा काढल्या, औषधे दिली, महारोग्यांसाठी आश्रयस्थान उभारले. पण अशा राहणीत झोपडी शाकारण्यापासून रानवाट दाखविण्यापर्यंत शेजाऱ्यांच्या हाताविना काय चालणार? तेथे उपकारकर्ता समोरच उभा असतो. १९३५ साली एल्विन चर्चपासून वेगळे झाले. आम्हां ख्रिस्ती लोकांस ते रुचो वा न रुचो, गोंडांना त्यांनी अंतर दिले नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पुरुषाची साधी राहणी पुष्कळदा घरच्या बाईच्या कष्टांवर चालते. टिळक घरात येईल ते दुसऱ्यास देऊन मोकळे होत. पण चूल पेटवावी लागे ती लक्ष्मीबाईंना. त्यांचे 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे त्यांना हे ठाऊकच आहे. त्यांनी ते हसत हसत सांगितले म्हणून तो भार हलका होता, असे कोणी समजू नये.

दुसरी गोष्ट पालकांसाठी. केळापूर तालुक्यातील कास्तकाराला साधेपणाचा उपदेश करण्याची माझी तरी छाती होत नाही. कापूस बुडाला की घरात जी साधी राहणी येते ती निवडलेली नसते. आणि पोडावरच्या कोलाम मातेने दुरून आणलेले पाणी हे काही व्रत नव्हे. एल्विनसाहेबांना आजारपणात इंग्लंडास जाता आले. गोंडाला कोठे जाता येणार होते? दारिद्र्याबद्दल देवाचे आभार माना असे गरिबास सांगणे म्हणजे कृतज्ञता नव्हे, ती जखमेवर मीठ चोळण्याची रीत आहे. करंजियाच्या त्या दोघांनी तसे केले नाही. गोंडांची गीते त्यांनी आदराने ऐकून टिपून घेतली, त्यांचे इंग्रजी अनुवाद छापले. आणि त्यांच्या तापावर व अज्ञानावर उपाय शोधीत राहिले. ज्याचे ऋण मानले त्याच्या दुःखाकडे पाठ फिरविता येत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वर्गांत गोंड व कोलाम घरांतील मुले आहेत, म्हणून शामराव हिवाळ्यांचे नाव तुम्ही लक्षात ठेवावे असे वाटते. एल्विन पुढे मोठे ग्रंथकार झाले, १९५४ साली भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली दिल्लीस वारले. त्यांची कीर्ती जगभर गेली. शामरावांनी १९४६ साली आपल्या या मित्रावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. त्यात करंजियाची ती झोपडी आणि ते शेजारी यांची हकीकत, त्याच अंगणात वावरलेल्या एका मराठी माणसाच्या लेखणीतून उतरली आहे.