'शॅल'ची नाना रूपे

इंग्रजी कायद्याच्या पानोपानी 'शॅल' हे क्रियापद भेटते. आज्ञा देणारे म्हणून त्याची ख्याती. पण त्याचे बोलणे दर वेळी आज्ञेचे नसते. भारत हा राज्यांचा संघ आहे, असे संविधानाचे पहिले कलम याच शब्दाने जाहीर करते. तिथे हुकूम कोणालाच नाही. मराठीत तिथे 'असेल' लिहावे, तर बोलीत ती शंका होते!

संविधानाच्या ३२० व्या कलमात, सरकारी नोकरावर शिस्तभंगाची कारवाई करताना लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यावा, असे आहे. शब्द 'शॅल'च. तरीही १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ही तरतूद केवळ निर्देशात्मक आहे. सल्ला घेतला नाही एवढ्यावरून शिक्षा रद्द होत नाही. ज्याच्या नोकरीवर गदा आली, त्याला हा शब्दार्थाचा भेद केवढ्याला पडला असेल!

बंगळूरच्या 'अठरा कचेरी' या तांबड्या वास्तूत कर्नाटकाचे उच्च न्यायालय भरते. तेथून दिल्लीस गेलेल्या धनादेशाच्या खटल्यात, २०१० साली, तिसरी छटा उजळली. न वटलेला धनादेश कायदेशीर देणे फेडण्यासाठीच दिला होता, असे न्यायाधीशाने गृहीत धरलेच पाहिजे, हे तेथील 'शॅल'चे बंधन. मात्र आरोपीला ते गृहीत खोडून काढता येते; त्यासाठी निःसंशय पुरावा लागत नाही, त्याचे म्हणणे अधिक संभवनीय दिसले तरी पुरते. खालच्या न्यायालयाने सोडलेल्या त्या आरोपीला तेवढेही साधले नाही. बंगळूरच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरविले, आणि दिल्लीने तो निर्णय कायम केला.